नोकरीचा दरवाजा आणि कायदा

शालान्त परीक्षेचा निकाल लागला की आपल्या मोहल्ल्यात एक वाक्य हमखास ऐकू येते. मुलगा पास झालेला असतो, पेढे वाटून झालेले असतात, आणि पुढच्या शिक्षणाच्या खर्चाचा हिशेब सुरू झाला की वडील म्हणतात, "शिकवून काय करायचे? आपल्या मुलांना नोकरी कोण देणार आहे?" त्यावर घरातील वडीलधारे मान हलवतात, कोणी ओळखीच्या एखाद्या बेकार पदवीधराचे उदाहरण देतो, आणि आठ-पंधरा दिवसांत तो मुलगा मामूंच्या गॅरेजमध्ये जाऊ लागतो.

पालकहो, या वाक्यात खरे किती आणि गैरसमज किती, हे रागाच्या किंवा निराशेच्या भरात ठरवता येत नाही. धर्मामुळे, जातीमुळे किंवा स्त्री म्हणून कोणास नोकरी नाकारता येणार नाही असा कायदा आपल्या देशात केव्हा झाला, तो कोणाला बांधतो आणि कोणाला मोकळे सोडतो, हे माहीत असल्याशिवाय त्याचा निवाडा होणार नाही. तोच इतिहास येथे सांगावयाचा आहे. कायद्याची पुस्तके रुक्ष असतात हे मान्य. परंतु ज्यांच्या अर्ज-विनंत्यांतून आणि खटल्यांतून हा कायदा घडत गेला, ती तुमच्या-आमच्यासारखीच माणसे होती.

प्रारंभ कंपनी सरकारपासून करावा लागतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस लॉर्ड कॉर्नवॉलिस गव्हर्नर जनरल असताना कारभारातील वरच्या जागा गोऱ्यांसाठी राखल्या गेल्या. हिंदू असो वा मुसलमान, एतद्देशीय माणसाने कारकून, मुन्शी, मुन्सफ यांच्या वर चढावयाचे नाही, असा शिरस्ता पडला. पुढे १८३३ साली ब्रिटिश पार्लमेंटने कंपनीची सनद नव्याने दिली, तेव्हा त्या कायद्याच्या ८७ व्या कलमात असे लिहिले गेले की, केवळ धर्म, जन्मस्थान, वंश वा वर्ण यांच्या कारणावरून कोणाही एतद्देशीयास कंपनीच्या नोकरीस अपात्र ठरवले जाणार नाही. विद्यार्थी मित्रांनो, यातला 'केवळ' हा शब्द ध्यानात ठेवा. शंभराहून अधिक वर्षांनी तो आपणांस पुन्हा भेटणार आहे.

कलम उत्तम होते. परंतु पुढची वीस वर्षे कंपनीच्या वरिष्ठ मुलकी सेवेत एकाही हिंदी माणसाची नेमणूक झाली नाही! कारण अपात्र ठरवणार नाही असे म्हणणे वेगळे आणि प्रत्यक्ष नेमणे वेगळे. सेवेत शिरण्याची वाट संचालकांच्या शिफारशीची होती, आणि ते शिफारस आपल्या भाच्या-पुतण्यांची करीत. धर्माचे नाव न घेताही दरवाजा बंद ठेवता येतो, हा पहिला धडा या देशाला तेव्हाच मिळाला.

दुसरा धडा भाषेचा. १८३७ च्या कायद्याने कोर्ट-कचेऱ्यांतील फारसीचे स्थान काढून घेण्याची तजवीज झाली. त्या कायद्यात मुसलमानांविरुद्ध एक अक्षरही नव्हते आणि फारसी शिकलेल्या हिंदू कायस्थांनाही त्याची झळ लागली. सामान्य रयतेला परकी असलेली भाषा कचेरीतून जावी हे योग्यही होते. परंतु ज्या घराण्यांची सारी तालीम फारसीत झाली होती, त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. १८६४ मध्ये कोर्टांतील पंडित आणि मौलवी या दोन्ही जागा रद्द झाल्या. नियम सर्वांना सारखा, मात्र त्याचा भार एका गटावर अधिक, या प्रकाराला आजचे कायदेपंडित अप्रत्यक्ष भेदभाव म्हणतात. त्या काळी त्याला नावही नव्हते.

याचा परिणाम काय झाला ते सर विल्यम हंटर या इंग्रज अधिकाऱ्याने १८७१ साली मोजून दाखवले. बंगालमधील २,१११ राजपत्रित जागांपैकी १,३३८ युरोपियनांकडे, ६८१ हिंदूंकडे आणि अवघ्या ९२ मुसलमानांकडे होत्या. हे आकडे आपल्या सभा-संमेलनांतून इतक्या वेळा सांगितले जातात की, जणू ते साऱ्या हिंदुस्थानचे होते असे वाटावे. ते बंगालचे होते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील मुसलमान बव्हंशी जहाजांवर, बंदरांत, मागावर आणि दुकानांत होता. कचेरीतून हाकलला जाण्यासाठी तो तेथे फारसा नव्हताच. मुंबईत बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांचे बंधू कमरुद्दीन यांच्या पुढाकाराने १८७४ साली अंजुमन-इ-इस्लाम स्थापन झाली, ती मुलांना कचेरी आणि कोर्ट यांच्या उंबरठ्यापर्यंत नेण्यासाठी. स्वतः बद्रुद्दीन १८९५ मध्ये मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले.

मधल्या काळात शिफारशीची वाट बंद होऊन परीक्षेची वाट उघडली होती. १८५५ पासून मुलकी सेवेसाठी लंडनमध्ये खुली स्पर्धा परीक्षा सुरू झाली. १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यानेही जात-धर्म न पाहता नोकऱ्या देण्याचे आश्वासन दिले. पहिला हिंदी उमेदवार १८६३ साली उत्तीर्ण झाला. ते सत्येंद्रनाथ टागोर, रवींद्रनाथांचे वडील बंधू. बंगालचे असूनही त्यांची सारी नोकरी आपल्या मुंबई इलाख्यात झाली आणि १८९७ मध्ये ते सातारचे न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले.

याच परीक्षेची १८६९ सालची एक हकीकत पालकांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. त्या वर्षी चार हिंदी तरुण उत्तीर्ण झाले. रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी हे तिघे बंगाली, आणि चौथे श्रीपाद बाबाजी ठाकूर हे आपल्या मुंबई इलाख्याचे. निकालानंतर सुरेंद्रनाथ आणि श्रीपाद बाबाजी या दोघांची नावे वय जास्त असल्याच्या कारणावरून काढून टाकण्यात आली. घोटाळा असा होता की, मॅट्रिकच्या वेळी सुरेंद्रनाथांचे वय सोळा लिहिले गेले होते; ते आपल्या पद्धतीने, म्हणजे सोळावे चालू, या अर्थी. इंग्रज अधिकाऱ्यांनी ते पुरी सोळा असे धरले आणि परीक्षेच्या वेळी उमेदवाराने एकविसाची मर्यादा ओलांडली असा हिशेब केला. सुरेंद्रनाथ स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी लंडनच्या क्वीन्स बेंच न्यायालयात दाद मागितली, हिंदुस्थानात वय कसे मोजतात याचा पुरावा गोळा केला, आणि दोघांनाही त्यांच्या जागा परत मिळाल्या. शाळेत नाव घालताना जन्मतारीख ठाऊक नाही म्हणून १ जून लिहून मोकळे होणाऱ्या आपल्यातील कित्येक मंडळींनी या प्रसंगाचा विचार करावा. शाळेच्या वहीतील एका नोंदीने चालून आलेली नोकरी जात होती.

पुढे १८७८ पासून या परीक्षेची वयोमर्यादा एकोणीसवर आणली गेली. आता एकोणिसाव्या वर्षी समुद्र ओलांडून, परक्या भाषेत, परक्या देशात परीक्षा देणारा मुलगा हिंदुस्थानात कितीसा सापडणार? धर्म नाही, वर्ण नाही, केवळ वयाची अट. पण नेमकी कोणासाठी ते सर्वांना कळत होते. हिंदुस्थानातही ती परीक्षा घ्यावी ही मागणी मान्य होण्यास १९२२ साल उजाडावे लागले.

येथवर कायदा फक्त 'अडवणार नाही' एवढेच म्हणत होता. 'हात देऊन आत घेऊ' असे म्हणणारा पहिला मोठा हुकूम आपल्या महाराष्ट्रातच निघाला, याचा आपणां सर्वांस अभिमान वाटावयास हवा. राजर्षी शाहू छत्रपती १८९४ मध्ये गादीवर बसले, तेव्हा कोल्हापूर दरबारच्या सर्वसाधारण कारभारातील ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० एकाच जातीचे होते. २६ जुलै १९०२ रोजी, महाराज स्वतः विलायतेत असताना, करवीर गॅझेटमध्ये हुकूम प्रसिद्ध झाला: यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांतील उमेदवारांनी भराव्यात. मागासलेले म्हणजे कोण, हेही हुकुमातच सांगितले होते. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकीचे सर्व. म्हणजे मराठे, महार, मांग, जैन यांच्याबरोबर मुसलमानही त्यात आले, आणि ते मुसलमान म्हणून नव्हे, मागे राहिलेले म्हणून आले. हा भेद बारीक वाटेल, परंतु पन्नास वर्षांनी सुप्रीम कोर्टात सारा खटला त्यावरच उभा राहिला. महाराज तेथे थांबले नाहीत. जागा राखल्या तरी त्या भरण्यास शिकलेली मुले हवीत हे जाणून त्यांनी जातीजातींची वसतिगृहे काढली. १९०६ मध्ये कोल्हापुरात मोहमेडन एज्युकेशन सोसायटी आणि मुस्लिम बोर्डिंग सुरू झाले, आणि त्याचे अध्यक्षपद छत्रपतींनी स्वतःकडे घेतले. हुकूम आणि बोर्डिंग, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला एकाच दमात सुचल्या होत्या. पुढच्या राज्यकर्त्यांना बहुधा एकच सुचत आली.

ब्रिटिश सरकारने मात्र वेगळी वाट धरली. ४ जुलै १९३४ च्या ठरावाने केंद्र सरकारच्या सरळ भरतीत मुसलमानांसाठी २५ टक्के आणि इतर अल्पसंख्याकांसाठी ८⅓ टक्के जागा ठेवण्यात आल्या. लगेच १९३५ चा गव्हर्नमेंट ऑफ इंडिया कायदा आला. त्याच्या २९८ व्या कलमात १८३३ चेच शब्द जवळजवळ जसेच्या तसे उतरले, आणि एक भर पडली. नोकरीबरोबरच कोणताही धंदा, व्यापार वा व्यवसाय करण्यासही केवळ धर्म, जन्मस्थान, वंश वा वर्ण यांमुळे मनाई करता येणार नाही, असे त्यात म्हटले होते.

स्वातंत्र्याबरोबर ते २५ टक्के संपले. संविधान सभेत ३० नोव्हेंबर १९४८ रोजी नोकऱ्यांतील समान संधीच्या कलमावर चर्चा झाली. तिला उत्तर देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितले की, दोन गोष्टींचा मेळ घालावयाचा आहे: सर्वांना समान संधी हे तत्त्व, आणि आजवर कारभाराच्या बाहेर राहिलेल्या समाजांना आत येण्याची सोय. 'मागासलेला' हा शब्द नसेल तर अपवादच नियमाला गिळून टाकील, आणि राखीव जागा एकूण जागांत अल्पसंख्य राहिल्या पाहिजेत, असा त्यांचा युक्तिवाद होता. मसुद्याच्या दुसऱ्या एका कलमात नोकऱ्या देताना सर्व अल्पसंख्याकांच्या हक्काचा विचार व्हावा असे शब्द होते. १९४९ मध्ये ते बदलून तेथे फक्त अनुसूचित जाती-जमाती राहिल्या. फाळणीच्या जखमा ताज्या होत्या. त्या वातावरणात आपल्या प्रतिनिधींतही एकमत नव्हते, आणि आज घरात बसून त्यांना दोष देणे सोपे आहे.

२६ जानेवारी १९५० पासून संविधान अमलात आले. त्याचे १६ वे कलम प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी मूळात वाचावे. सरकारी नोकरीत केवळ धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान किंवा निवास यांच्या कारणाने कोणीही नागरिक अपात्र ठरणार नाही वा त्याच्याबाबत भेदभाव होणार नाही, असे त्यात सांगितले आहे. 'केवळ' पुन्हा भेटला! १८३३ च्या यादीत जात आणि लिंग नव्हते. ते आता आले. शिवाय जुन्या कलमामागे कोर्टाचे बळ नव्हते, आणि हा मात्र मूलभूत हक्क झाला. त्याचा भंग झाल्यास सरळ हायकोर्टात किंवा सुप्रीम कोर्टात जाता येते.

त्याची कसोटी वर्षभरातच लागली. मद्रास सरकारने जिल्हा मुन्सफांच्या ८३ जागा जाती-धर्मवार वाटल्या होत्या: हरिजन १९, मुसलमान ५, ख्रिस्ती ६, मागासवर्गीय हिंदू १०, ब्राह्मणेतर हिंदू ३२, ब्राह्मण ११. वेंकटरमण नावाचे एक ब्राह्मण उमेदवार सुप्रीम कोर्टात गेले. ९ एप्रिल १९५१ रोजी निकाल लागला. हरिजन आणि मागासवर्गीय हिंदू यांच्या जागा कोर्टाने ग्राह्य मानल्या, बाकी वाटणी संविधानाविरुद्ध ठरवली. मुसलमानांच्या पाच जागाही गेल्या. त्या काळी आपल्यातील अनेकांना हा आघात वाटला. मात्र ज्या 'केवळ'मुळे त्या पाच जागा गेल्या, त्याच 'केवळ'मुळे मुसलमान आहे म्हणून कोणाला मुन्सफ होण्यापासून रोखताही येत नाही. केवळ धर्म पाहून देता येणार नाही आणि केवळ धर्म पाहून नाकारताही येणार नाही. मागासलेपण सिद्ध झाले तर मात्र देता येईल. शाहू महाराजांच्या हुकुमाची हीच भाषा होती.

एका ठिकाणी मात्र हे सूत्र तुटलेले दिसते, ते लपवण्यात अर्थ नाही. अनुसूचित जातींची यादी ठरवणाऱ्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात हिंदूखेरीज अन्य धर्माची व्यक्ती अनुसूचित जातीची मानली जाणार नाही अशी अट आहे. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तिच्यातून सूट मिळाली. मुसलमान मेहतर आणि दलित ख्रिस्ती अद्याप बाहेरच आहेत, आणि त्यांचा प्रश्न सुप्रीम कोर्टापुढे आहे.

मुलींनो, आता तुमच्याकडे वळतो. कलमात 'लिंग' हा शब्द १९५० मध्येच आला, तरी सरकारी नियमावल्यांनी तो वाचला नव्हता. परराष्ट्र सेवेतील स्त्री अधिकाऱ्याला लग्न करण्यापूर्वी सरकारची परवानगी घ्यावी लागे, आणि लग्नानंतर तिला राजीनामा देण्यास सांगता येई. पुरुषाला असला नियम नव्हता. त्या सेवेतील पहिल्या महिला सी. बी. मुथम्मा यांनी याविरुद्ध सुप्रीम कोर्टाकडे दाद मागितली, आणि १९७९ मध्ये न्या. कृष्णा अय्यर यांनी या नियमांवर कडक ताशेरे ओढले. १९८१ मध्ये एअर इंडियाच्या हवाई सुंदरींचा खटला आला. पहिल्या गरोदरपणाबरोबर नोकरी संपते हा नियम कोर्टाने रद्द केला. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न करावयाचे नाही हा नियम मात्र कोर्टाने राहू दिला. प्रत्येक खटल्यात सोळा आणे पदरात पडत नाहीत.

या दोन खटल्यांच्या आधीच एक वेगळ्या जातीचा कायदा झालेला होता. १९७५ च्या अध्यादेशामागून १९७६ मध्ये समान वेतन कायदा आला. एकाच कामासाठी स्त्री-पुरुषांना एकच वेतन, आणि भरती करताना स्त्री म्हणून डावलावयाचे नाही, असे त्यात होते. महत्त्वाचे हे की, तो खासगी मालकालाही लागू होता. मुंबईतील एका जुन्या जहाज कंपनीतील महिला स्टेनोग्राफरने याच कायद्याच्या आधारे पुरुष स्टेनोग्राफरइतका पगार मागितला. युनियनशी करार झाला आहे, आमची ऐपत नाही, अशी कारणे कंपनीने पुढे केली. १९८७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती फेटाळली. तो कायदा आता २०१९ च्या वेतन संहितेत सामावला गेला आहे.

आणखी एक निकाल सांगतो, तो आपल्या काही वाचकांना चकित करील. मध्य प्रदेशातील एका शिक्षकाला, तो पूर्वी राष्ट्रीय स्वयंसेवक संघ आणि जनसंघ यांच्या कार्यात भाग घेत असे असा पोलिसांचा अहवाल आला म्हणून, सरकारी नोकरीतून काढण्यात आले. १९८३ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याची बाजू उचलून धरली. पूर्वीच्या राजकीय मतांवरून माणसाला नोकरीतून काढणे हे संविधानाच्या कलमांत बसत नाही, असे कोर्टाने सांगितले. त्या शिक्षकाच्या मतांशी आपले जमो वा न जमो, पोलिस अहवालाच्या आधारे उद्या आपल्या मुलाचा अर्ज बाजूला ठेवला गेला, तर त्याच्या वकिलाला हाच निकाल कोर्टापुढे ठेवावा लागेल.

आता मोहल्ल्यातील त्या वाक्याकडे परत येऊ. वर सांगितलेले १६ वे कलम सरकारला बांधते. शेठजीला, कारखानदाराला, खासगी कंपनीला ते बांधत नाही. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला धंदा वा नोकरी करण्यास अडवणे हा १९५५ च्या कायद्याने सर्वांनाच गुन्हा ठरवला. स्त्रियांसाठी समान वेतनाचा कायदा झाला. अपंगांसाठी २०१६ चा, एचआयव्हीबाधितांसाठी २०१७ चा आणि तृतीयपंथीयांसाठी २०१९ चा कायदा खासगी मालकांपर्यंत पोहोचतो. परंतु धर्माच्या कारणावरून खासगी मालकाने नोकरी नाकारली, तर त्याविरुद्ध सर्वसाधारण असा कायदा या देशात नाही. नोकरी आणि व्यवसाय यांतील भेदभावाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेचा १९५८ चा करार भारताने १९६० मध्येच मान्य केला; त्यात धर्माचाही उल्लेख आहे. तरी कायदा झाला नाही.

याचा अनुभव काय येतो, ते प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी तपासून पाहिले. वृत्तपत्रांतील खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले; फरक फक्त नावात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत मुसलमान नावाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे एक तृतीयांश होती, आणि दलित नावाला सुमारे दोन तृतीयांश. म्हणजे वडिलांच्या त्या वाक्यात तथ्य आहे. ते नाकारून मुलांना खोटा धीर देऊ नये. २०१५ मध्ये तर मुंबईतील एका हिरे निर्यात कंपनीने एका मुसलमान पदवीधराला, आम्ही फक्त मुसलमानेतर उमेदवार घेतो, असे ई-मेलनेच कळवले. गवगवा झाल्यावर गुन्हा नोंदला गेला, पण तो राष्ट्रीय एकात्मतेला बाधक वर्तनाचा, तेव्हाच्या दंडविधानाच्या १५३-ब कलमाखाली. नोकरी नाकारल्याचा गुन्हा नोंदवण्यास कलमच नव्हते. न्या. राजिंदर सच्चर समितीने २००६ मध्ये समान संधी आयोगाची शिफारस केली होती, प्रा. माधव मेनन यांच्या तज्ज्ञ गटाने २००८ मध्ये त्याचा आराखडाही दिला. तो कायदा झाला नाही. अमेरिकेत असा कायदा १९६४ पासून आहे. ब्रिटनमध्येही नोकरीतील वर्णभेदाविरुद्ध १९६८ पासून कायदा असताना धर्माचे नाव त्यात येण्यास २००३ साल उजाडले, म्हणजे तेथील मुसलमानांना पस्तीस वर्षे थांबावे लागले.

मात्र त्याच सच्चर अहवालातील दुसरी बाजूही पालकांनी ऐकावी. २००१ च्या जनगणनेत मुसलमान १३.४ टक्के होते. प्रशासकीय सेवेत ३ टक्के, पोलीस सेवेत ४ टक्के, रेल्वेत ४.५ टक्के. हे आकडे सर्वांना पाठ आहेत. परंतु समितीने असेही नोंदवले की, केंद्रीय लोकसेवेच्या मुख्य परीक्षेला जे मुसलमान बसले, त्यांच्या यशाचे प्रमाण इतरांइतकेच होते. बसणारेच थोडे होते. जेथे लेखी परीक्षा आहे आणि मालक सरकार आहे, तेथे संविधानाचे कलम उमेदवाराच्या पाठीशी उभे आहे. आणि नेमका त्या दरवाजापर्यंतच आपला मुलगा जात नाही, कारण तो आधीच मामूंच्या गॅरेजमध्ये पोहोचलेला असतो.

राहिला मागासलेपणाचा मार्ग. मंडल आयोगाच्या शिफारशींवर १६ नोव्हेंबर १९९२ रोजी सुप्रीम कोर्टाने शिक्कामोर्तब केले आणि इतर मागासवर्गीयांना केंद्रात २७ टक्के जागा मिळाल्या. त्या यादीत मोमीन, पिंजारी, बागवान, तांबोळी, अत्तार असे आपल्यातील कित्येक कष्टकरी व्यावसायिक आहेत. महाराष्ट्र शासनानेही १९९४ मध्ये मुसलमानांतील अशा जातींविषयी निर्णय काढला. २०१४ मध्ये सरसकट मुसलमानांतील मागास गटांसाठी ५ टक्क्यांचा अध्यादेश आला. मुंबई हायकोर्टाने त्यातील नोकऱ्यांचा भाग थांबवला, शिक्षणाचा राहू दिला, आणि पुढे कायद्यात रूपांतर न झाल्याने सारा अध्यादेशच बारगळला. टिकून आहे ती इतर मागासवर्गाची सवलत.

ती घ्यावयास गेलेला मुलगा अडतो कोठे, ते पाहा. जातीच्या दाखल्यासाठी महाराष्ट्रात १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. तो म्हणजे बहुधा आजोबांच्या शाळेचा दाखला. त्यावर जातीच्या रकान्यात 'मुसलमान' एवढेच असते. आजोबा आयुष्यभर कापूस पिंजत होते, गावात सारे त्यांना पिंजारीच म्हणत. पण मास्तरांनी नाव घालताना धर्म लिहिला आणि पणजोबांनी अंगठा उठवला. मग महसूल नोंदी शोधा, जन्म-मृत्यूची नोंदवही शोधा, चुलत घराण्यातील कोणाचा दाखला मिळतो का पाहा, अशी वणवण सुरू होते, आणि तोवर अर्जाची मुदत टळते. आपल्याच शाळांच्या जनरल रजिस्टरमध्ये आजही पुष्कळ ठिकाणी तो रकाना तसाच भरला जातो. काही पालकांना जात लिहिणे कमीपणाचे वाटते, काहींना ते दीनाच्या शिकवणुकीविरुद्ध वाटते. समतेची ती शिकवण खरीच आहे. परंतु कचेरी रकान्यात जे लिहिले तेवढेच वाचते, आणि शाळा सोडल्यावर ती नोंद बदलून घेणे फार कष्टाचे होते. पुढच्या जूनमध्ये धाकट्याचे नाव घालावयास याल तेव्हा त्याची खरी जन्मतारीख आणि घराण्याचा जुना कागद, असेल तो, बरोबर आणा.